कॉस्मिक हॉरर : राक्षस दिसतो, भीती निसटते

कॉस्मिक हॉरर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्रातून उठणारा, ऑक्टोपसच्या तोंडाचा अजस्र राक्षस येतो. हा कथुलू. एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथेतून तो १९२८ साली 'विअर्ड टेल्स' मासिकात अवतरला आणि आज टी-शर्टवरही दिसतो. पण या कथाप्रकाराचा जीव राक्षसात नाही.

त्यासाठी लव्हक्राफ्टचीच 'द कलर आउट ऑफ स्पेस' (१९२७) वाचावी. नेहम गार्डनर या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. प्राध्यापक तिचा तुकडा तपासायला नेतात, तर तो आपोआप विरून जातो. तिच्या पोटात एक गोळा सापडतो. त्याचा रंग कुठल्याच ओळखीच्या रंगाशी जुळत नाही. त्या हंगामात फळं भरघोस लागतात, तुकतुकीत दिसतात आणि तोंडात घातली की कडू लागतात. मग झाडं, गुरं, शेवटी माणसंही राखाडी पडून भुसभुशीत होत जातात. नेहमने कुणाचं वाईट केलेलं नाही, कुणाचा शापही नाही. आलेली गोष्ट सूड घ्यायला आलेली नाही. हे कुटुंब तिच्या खिजगणतीतच नाही. आपल्याकडच्या भुताची निदान एखादी इच्छा राहिलेली असते, त्यावर उतारा असतो. इथे उतारा कुणापुढे टाकणार? माझ्या मते लव्हक्राफ्टची ही सर्वांत भेदक कथा आहे.

हे काळ्या जादूचं, अंधश्रद्धेचं साहित्य आहे, असंही समजलं जातं. प्रत्यक्षात लव्हक्राफ्ट कट्टर नास्तिक होता आणि स्थानिक वर्तमानपत्रांत खगोलशास्त्रावर सदरं लिहायचा. आपल्या आकाशगंगेपलीकडेही दीर्घिका आहेत हे एडविन हबलने १९२०च्या दशकात दाखवलं. १९३० मध्ये प्लूटो सापडला, तर लव्हक्राफ्टने तो लगेच 'द व्हिस्परर इन डार्कनेस'मध्ये गुंफला. त्याची भीती दुर्बिणीतून आलेली आहे. कथांत वारंवार येणारा 'नेक्रोनॉमिकॉन' हा ग्रंथही त्याच्याच डोक्यातून निघाला. त्याचा खोटा इतिहाससुद्धा त्यानेच लिहून ठेवला. १९७७ मध्ये 'सायमन' या टोपणनावाने त्याच शीर्षकाचं पुस्तक निघालं आणि अनेकांना ते अस्सल वाटलं.

हे सगळं विश्व एकट्या लव्हक्राफ्टने उभारलं, हा समज तर फारच पक्का आहे. त्यासाठी 'हस्तुर' या एकाच नावाचा माग काढू. अँब्रोज बिअर्सच्या १८९१च्या कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा देव आहे, तोही प्रेमळ. रॉबर्ट चेंबर्सने १८९५ मध्ये 'द किंग इन यलो'त ते नाव उचलून त्याला गूढ सावली दिली. लव्हक्राफ्टने ओझरता उल्लेख केला. त्याच्या मृत्यूनंतर (१९३७) ऑगस्ट डर्लेथने या विश्वाला सुष्ट-दुष्टांच्या झगड्याचं रूप दिलं आणि त्यात हस्तुर महत्त्वाचा झाला. स्टीफन किंगच्या 'ग्रामा' कथेत भयंकर आजीला शांत करायला हेच नाव घ्यावं लागतं. ती कथा नारायण धारपांनी मराठीत आणली आणि राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) आजीला झोपवताना आपण 'हस्तर' ऐकतो! मात्र तुंबाडचा हस्तर हावरेपणाची शिक्षा देतो. नाव आलं, पण मूळ बेपर्वाई आली नाही. चित्रपट मला आवडतो तो त्याच्या मातीतल्या लोभासाठी. ती बेपर्वाई पाहायची तर जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) पाहावा.

शेवटचा गैरसमज लव्हक्राफ्टच्या वंशद्वेषाचा. 'त्या काळी सगळेच तसे होते' म्हणून तो सोडून दिला जातो. त्याची पत्रं आणि 'द हॉरर ॲट रेड हुक' ही कथा वाचली की हे पटत नाही. स्थलांतरितांबद्दलची किळस तिथे कथेचं इंधन झाली आहे. २०१६ मध्ये व्हिक्टर लव्हॅलने तीच कथा 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'मध्ये हार्लेममधल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने लिहिली. त्याच्या निरपराध बापाला पोलिसांसोबत आलेला गोरा खासगी गुप्तहेर गोळ्या घालतो. त्यानंतर माणसांच्या द्वेषापेक्षा विश्वाची बेफिकिरी त्याला परवडते, आणि समुद्रतळाशी निजलेल्याला तो आपणहून जागवायला निघतो.