नेच्याची जात ठरते कशी?

पावसाळ्यात हैदराबादच्या अंबरपेठेतली एखादी जुनी, ओल धरलेली भिंत नीट पाहिली, तर चुन्याच्या फटीत लांबट पानांचा नेचा सापडण्याची बरीच शक्यता असते. तो बहुधा टेरिस विटाटा. चुना त्याला मानवतो, म्हणून शहरही मानवतं. पान उलटलं की दोन्ही कडांना तपकिरी रेघ दिसते, ती बीजाणूंची. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्यामुळे जात ओळखायला पूर्वापार आधार एवढाच: बीजाणूंची मांडणी, शिरांची जाळी, देठावरचे खवले.

पण रूप फसवतं. गाठागाठींच्या, जवळजवळ निष्पर्ण इक्विसेटमला कोण नेचा म्हणेल? पाठ्यपुस्तकांनी पिढ्यानपिढ्या त्याला वेगळ्या वर्गात बसवलं. २००१ मध्ये डीएनए जुळवून पाहिला, तेव्हा तो नेच्यांच्याच वंशातला निघाला. अशा पुराव्यांवर २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी नेचे आणि त्यांच्यासारख्या बीजाणूधारी वनस्पतींची नवी मांडणी केली: ११,९१६ जाती, ३३७ प्रजाती.

तरीही नेच्याची जात एकट्या डीएनएवर सोपवू नये, असं मला ठामपणे वाटतं. सर्रास वाचला जातो तो हरितलवकातला डीएनए, विशेषतः आरबीसीएल हे जनुक. बहुतेक नेच्यांत हरितलवक फक्त आईकडून येतो. म्हणजे दोन जातींचा संकर या चाचणीत निव्वळ आईच्या जातीचा ठरतो. बापाचा मागमूस लागत नाही. नेच्यांत तर संकर नेहमीचेच. तिथे साधा सूक्ष्मदर्शक कामी येतो, कारण वांझ संकराचे बीजाणू बहुधा वेडेवाकडे, चुरगळलेले दिसतात.

पुढे गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले, तर वांझपण संपून नवी जात उभी राहू शकते. आपल्या भिंतीवरच्या टेरिस विटाटाचेच दोन संचांचे, चार संचांचे आणि त्याहून जास्त संचांचे प्रकार नोंदलेले आहेत. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या नेच्यात तर अब्राहम आणि निनान यांनी १९५४ मध्ये बाराशेहून अधिक गुणसूत्रं मोजली. माणसात ती ४६.

याच ऑफिओग्लॉसम प्रजातीतली एक जात नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या डांगमध्ये मिळाली: ऑफिओग्लॉसम माल्विये, उंची जेमतेम एक सेंटिमीटर. दुसऱ्या कुठल्या जातीचं कोवळं रोप म्हणून ती सहज नजरेआड झाली असती. मितेश पटेल आणि नरसिंह रेड्डी यांनी बीजाणू व पर्णरंध्रं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, हरितलवकाचा डीएनएही तपासला. सगळे पुरावे एकाच बाजूला झुकले, आणि २०१८ मध्ये ही नवी जात जाहीर झाली.

ही पद्धत नेच्यांपुरतीच नाही. अंबरपेठेहून रामंतापूरमार्गे गेलं की उप्पल रस्त्यावर सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था लागते. तिथल्या संशोधक जान्हवी जोशी रूप आणि डीएनए अशी हीच दुहेरी पारख घोणींसाठी वापरतात. ग्रेगरी एजकोम्ब यांच्यासोबत २०१८ मध्ये त्यांनी एथ्मोस्टिग्मस प्रजातीतल्या भारतीय घोणींच्या नव्या जाती मांडल्या. त्यांतल्या एकीचं नाव सह्याद्रेन्सिस.

नेच्याच्या नव्या जातीला नाव देताना नुसता डीएनएचा क्रम चालत नाही; नियमाने नमुना जपून ठेवावाच लागतो. म्हणून जाणकार संग्राहक एक पान सुलटं आणि एक उलटं दाबतो, खवल्यांसकट खोडाचा तुकडा घेतो आणि पानाचा कोवळा भाग डीएनएसाठी सिलिका जेलच्या पुडीत टाकतो.