किलिमांजारोस जाणाऱ्याची शिदोरी

काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसास आपल्या घरांत पूर्वीं मोठा मान असे. शेजारीपाजारी त्याच्या पायां पडत, आणि मावंदें घातल्यावांचून त्या यात्रेची सांगता होत नसे. ती यात्रा कष्टाची व धोक्याची होती, म्हणूनच तो मान होता. आज काशीस जाणें एका दिवसाचें काम झालें आहे; पण अवघड वाट आपल्या पायांनीं चालून यावी, ही माणसाची ओढ कांहीं संपलेली नाहीं. सुशिक्षित घरांतील तरुण-तरुणींस, इतकेंच नव्हे तर सेवानिवृत्त झालेल्या काकांस व आत्याबाईंसही, ती आतां परदेशच्या पर्वतांवर नेऊं लागली आहे. अशा वाटांपैकीं एक विशेष लोकप्रिय वाट म्हणजे आफ्रिकेंतील किलिमांजारो पर्वताची. तिची तयारी जाणारानें कशी करावी, आणि त्याच्या घरच्यांनींही ती कां करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सोपी दिसणारी वाट

किलिमांजारो हा टांझानिया देशांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें तीन अंशांवर उभा असलेला ज्वालामुखी पर्वत होय. शिरा, मावेंझी व किबो हे त्याचे तीन भाग. त्यांपैकीं किबोच्या काठावरील उहुरू नांवाचें टोंक ५,८९५ मीटर, म्हणजे १९,३०० फुटांहून अधिक उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. अशीं साडेतीन शिखरें एकावर एक रचलीं तरच ही उंची गांठतां येईल. १८८९ सालीं हान्स मायर हा जर्मन भूगोलज्ञ व लुडविग पुर्टशेलर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक या शिखरावर पोंचले, आणि ज्ञात इतिहासांतील तें पहिलें आरोहण मानलें जातें.

आज तेथें जाण्यास दोर, बर्फांतील कुऱ्हाड किंवा कड्यावर चढण्याचें कसब लागत नाहीं. नेहमींच्या वाटा पायवाटाच आहेत. परवानाधारक वाटाड्याशिवाय कोणासही वर जाऊं देत नाहींत. सामान हमाल वाहतात, आचारी गरम जेवण करून वाढतो. पायथ्याशीं केळीच्या व कॉफीच्या बागा, त्यांवर घनदाट अरण्य, मग झुडपांचें माळरान, मग दगडधोंड्यांचें ओसाड वाळवंट, आणि अखेरीस हिमनद्या, अशी सारी सृष्टी आठवड्याच्या आंत पाहावयास मिळते.

पण हा सोपेपणाच या पर्वताचा खरा धोका आहे. बिकट कडा दिसला म्हणजे माणूस आपोआप सावध होतो. पायवाट दिसली म्हणजे तो घाई करतो. आणि किलिमांजारोवर घाईइतका मोठा शत्रू दुसरा नाहीं. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर या उणिवेशीं जुळवून घेऊं शकतें. श्वास जलद होतो, मूत्रपिंडें रक्तांतील समतोल बदलतात, पुढें रक्तांतील तांबड्या पेशीही वाढूं लागतात. मात्र हें सारें दिवसांच्या हिशेबानें होतें, तासांच्या नव्हे.

दिवसांचा हिशेब

म्हणून तयारींतील पहिली गोष्ट बूट नव्हेत की व्यायामही नव्हे. ती म्हणजे कार्यक्रमाची निवड. या राष्ट्रीय उद्यानाची फी दर दिवसाप्रमाणें आकारली जाते. त्यामुळें जितके दिवस कमी तितका खर्च कमी, आणि पांच दिवसांत शिखर दाखविण्याचें आश्वासन देणाऱ्या कंपन्यांकडे मन ओढ घेतें. येथें गृहिणीनें भाजी घेतांना करावा तसा चोख हिशेब करावा.

पर्वतवैद्यकांतील सर्वमान्य नियम असा आहे कीं, ३,००० मीटरांवर गेल्यानंतर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विश्रांति घ्यावी. आतां मारांगूची वाट पाहा. पहिला मुक्काम मंदारा येथें सुमारें २,७०० मीटरांवर, दुसरा होरोंबो येथें ३,७०० वर, तिसरा किबो झोपडीजवळ ४,७०० वर, आणि त्याच मध्यरात्रीं शिखराकडे प्रयाण! प्रत्येक टप्पा नियमाच्या दुप्पट. हीच वाट होरोंबो येथें एक अधिक रात्र काढून चालली तर निदान कांहीं उसंत मिळते. माचामेची वाट सात दिवसांची व लेमोशोची आठ दिवसांची घेतली तर अधिक बरें. या दोन्ही वाटांवर प्रवासी लाव्हा टॉवर नांवाच्या खडकापर्यंत, म्हणजे सुमारें ४,६०० मीटरांपर्यंत चढून त्याच दिवशीं ३,९०० मीटरांच्या आसपास बारांको येथें झोपावयास उतरतात. दिवसा उंच चढावें, रात्रीं खालीं निजावें, हें तत्त्व शरीरास फार मानवतें. अधिक एका दिवसाचे पैसे म्हणजे या पर्वतावरचा सर्वांत स्वस्त विमा होय.

ऋतूचाही विचार हवा. मार्चच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत मोठा पाऊस व नोव्हेंबरांत लहान पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारी, किंवा जून ते ऑक्टोबर, हे महिने साधारणपणें कोरडे असतात.

शरीराची परीक्षा व सराव

पहिली पायरी वैद्याकडची. हृदयविकार, दमा, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यानें आपल्या डॉक्टरांस सर्व कार्यक्रम उंचीच्या आंकड्यांसह दाखवून सल्ला घ्यावा. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी असतें. प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच अपुरें असेल तर विरळ हवेंत हाल अधिक, म्हणून तें आधींच तपासून कमतरता भरून काढावी. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारांत डायमॉक्स नांवानें मिळणारें औषध, विरळ हवेची संवय लवकर होण्यास साह्य करतें; पण सल्फा-औषधें न मानवणाऱ्यांस तें अपाय करूं शकतें. तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून, किंवा सोबत्यानें दिलें म्हणून, कधींही घेऊं नये. मधुमेही माणसाचें इन्सुलिन व साखर मोजण्याचें यंत्र थंडीनें निकामी होऊं शकतें, तीं अंगाजवळ ठेवावीं.

पायांचा सराव चार ते सहा महिने आधीं सुरू करावा. पुणेकरांस पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, मुंबईकरांस इमारतीचे जिने आहेत. आठवड्यांतून तीन-चार दिवस चढउतार, आणि रविवारीं पाठीवर सहा-सात किलो वजन घेऊन सिंहगडासारखा एखादा गड, असा क्रम ठेवावा. उतरण्याचा सराव विसरूं नये. शिखराहून परततांना एकाच दिवसांत अडीच हजार मीटरांहून अधिक उतरावें लागतें आणि तेथें गुडघ्यांची खरी परीक्षा होते. मात्र एक गोष्ट स्पष्ट लक्षांत ठेवावी. सह्याद्रींतील सरावानें पाय व दम तयार होतात, विरळ हवेची संवय होत नाहीं. तालमींत कमावलेला तरुण आजारी पडतो आणि त्याची सडपातळ मावशी हळूहळू चालत वर जाते, हें तेथें अशक्य नाहीं. वाटाडे दिवसभर 'पोले पोले' म्हणत असतात. स्वाहिलींत त्याचा अर्थ 'सावकाश, सावकाश'. ज्या चालीनें शेजाऱ्याशीं धाप न लागतां बोलतां येईल, तीच योग्य चाल.

सामान आणि अन्न

पायथ्याशीं उकाडा व शिखरावर शून्याखालीं दहा ते वीस अंश थंडी, म्हणून कपडे थरांचे असावेत. आंत घाम शोषून लवकर वाळणारें वस्त्र, त्यावर लोंकरीचें किंवा तत्सम उबदार, सर्वांत वर वारा-पाऊस अडविणारें. सुती कपडा ओला झाला कीं अंग गारठवितो, म्हणून चालतांना तो नको. बूट नवेकोरे नेऊं नयेत. दोन-तीन महिने वापरून मऊ केलेलेच न्यावेत. निघण्यापूर्वीं पायांचीं नखें कापावींत, नाहीं तर उतरणीवर बोटें बुटावर आदळून नखें काळींनिळीं होतात. कडाक्याची थंडी सोसणारी स्लीपिंग बॅग, दोन जोड हातमोजे, कानटोपी, काळा चष्मा, ऊन अडविणारें मलम आणि कपाळावर बांधावयाचा विजेचा दिवा हीं अवश्य असावींत. शिखराकडील चढण मध्यरात्रीं सुरू होते. त्या वेळीं पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून पाणी बाटलींत भरून ती कोटाच्या आंत ठेवावी. प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर टांझानियांत २०१९ पासून बंदी आहे. सामान कापडी पिशव्यांत बांधावें.

शाकाहारी माणसाची तेथें उपासमार होत नाहीं. भात, बटाटे, भाज्यांचें सार, लापशी, फळें मिळतात. 'चाय' व 'चपाती' हे शब्द तर स्वाहिली भाषेनें केव्हांच आपलेसे केले आहेत. आपले नियम कंपनीस आधीं लेखी कळवावेत म्हणजे झालें. उंचीवर भूक मरते, अशा वेळीं ओळखीची चव उपयोगी पडते. मेतकूट, लिंबाचें लोणचें, डिंकाचे किंवा राजगिऱ्याचे लाडू, खजूर, आलेपाक एवढें बरोबर असावें. दररोज तीन-चार लिटर पाणी प्यावें. एकादशी-चतुर्थीचा उपास त्या आठवड्यापुरता घरच्या एखाद्यानें आपल्याकडे घ्यावा. पर्वतावर रिकाम्या पोटीं चालणें हिताचें नाहीं.

व्हिसा, हिंवतापाचीं औषधें व पीतज्वराची लस यांची चौकशी दोन महिने आधीं करावी. पीतज्वराच्या लशीचें प्रमाणपत्र टोंचल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतें, आणि वाटेंत कोणत्या देशांत विमान बदलतें यावरही त्याची गरज अवलंबून असते. प्रवासाचा विमा घेतांना तो ६,००० मीटर उंचीपर्यंत लागू आहे कीं नाहीं हें वाचून पाहावें. साधारण विम्यांत ही मर्यादा पुष्कळदां फार खालीं असते.

एक गोष्ट माणुसकीची. आपलें ओझें वाहणारा हमाल पातळ कोटानें त्याच थंडींत झोपतो. एका हमालावर २० किलोंहून अधिक ओझें लादूं नये असा तेथील दंडक आहे. हमालांस पगार, जेवण व तंबू नीट देणारी कंपनी निवडणें, आणि अखेरीस द्यावयाच्या बक्षिसाची रक्कम मूळ खर्चांतच धरणें, हें यजमानपणाच्या संस्कारास शोभेल असेंच आहे.

परत फिरण्याची परवानगी

आतां मुख्य गोष्ट. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणें हीं उंचीच्या आजाराचीं प्रथम चिन्हें. तीं दिसल्यास अधिक वर चढूं नये. तेथेंच थांबून पाहावें, आणि तीं वाढलीं तर खालीं उतरावें. स्वस्थ बसलें असतांही धाप लागणें, खोकल्यावाटे फेस येणें, हें फुप्फुसांत पाणी भरत असल्याचें लक्षण. दारूड्यासारखे झोक जाणें, सरळ रेषेंत एका पावलापुढें दुसरें पाऊल टाकतां न येणें, बोलण्यांत असंबद्धपणा येणें, हें मेंदूस सूज येत असल्याचें लक्षण. अशा रोग्यास रात्र असली तरी तत्काळ खालीं नेलेंच पाहिजे. प्राणवायु व औषधें साह्य करतात, पण उतरणें हाच उपाय.

दुर्दैव असें कीं, याच वेळीं रोग्याची विचारशक्ति मंद झालेली असते. 'मला कांहीं झालें नाहीं, थोडेंच उरलें आहे,' असें तो हटकून म्हणतो. म्हणून परत फिरण्याचा निश्चय पर्वतावर करावयाचा नसतो. तो घरीं, दिवाणखान्यांत, सर्वांसमक्ष करून निघावयाचें असतें. सोबत्यांनीं एकमेकांचीं लक्षणें रोज विचारावींत, आणि वाटाड्यानें 'उतरा' म्हटलें तर वाद घालूं नये.

येथें घरच्या मंडळींचें कर्तव्य येतें. जाण्यापूर्वीं सत्कार करणें, नातलगांत वार्ता पसरविणें, 'शिखरावरचा फोटो पाठव हं' असें बजावणें, हें सारें प्रेमानेंच होतें; पण पहांटे तीन वाजतां, गारठलेल्या व गोंधळलेल्या माणसाच्या मनावर त्या प्रेमाचेंच ओझें होतें. इतक्या जणांस काय तोंड दाखवूं, या लाजेनें पाऊल पुढें पडतें. तें ओझें कोणताही हमाल वाहूं शकत नाहीं. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं निघतांना स्वच्छ शब्दांत सांगावें कीं, तूं अर्ध्या वाटेवरून परतलास तरी या घरांत तुझें स्वागत तेवढ्याच आनंदानें होईल.

आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'जातों' असें म्हणत नाहीं, 'येतों' असें म्हणतो. परदेशच्या उंच वाटेवर निघणाऱ्यानें हा एक शब्द मनांत जपून न्यावा, आणि घरच्यांनींही त्याला शिखर न मागतां तेवढाच शब्द मागावा.