ओझे आणि पल्ला

रायपूर सोडून कोणत्याही दिशेस निघालो, तरी पहिले कित्येक कोस भाताची खाचरेच सोबत करतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीचे हे मैदान. डोंगर भेटतो तो दूर, जगदलपूरच्या वाटेवर केशकाल घाटात, नाहीतर कवर्ध्यापलीकडे चिल्फीच्या चढणीवर. अशा गावी विजेची डोंगरी सायकल घेऊ पाहणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. सतरा-अठरा किलोंची, ३००-४०० वॅट-तासांच्या बॅटरीची हलकी सायकल घ्यावी, की ७०० वॅट-तासांच्या पुढची, पण २४-२५ किलो भरणारी?

मोठी बॅटरी आपलेच ओझे वाहण्यात आपली शक्ती खर्चून टाकते, असा एक समज आहे. हिशेब मांडला म्हणजे तो टिकत नाही. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरू. हे वजन २०० मीटर उंच चढवण्यास सुमारे ५५ वॅट-तास लागतात. मोटारीत वाया जाणारी शक्ती धरली तर बॅटरीतून सत्तरेक. आता बॅटरी २५० वॅट-तासांनी वाढवली, तर वजन वाढते दीड किलोच्या आसपास, आणि त्याच चढणीवर ते दीड किलो मागते जेमतेम एक वॅट-तास! सपाटीवर तर याहूनही कमी. तेथे शक्ती खातो तो समोरचा वारा, आणि डोंगरी सायकलीचे जाड, खाचदार टायर.

मग वजनाचा प्रश्न खोटा का? मुळीच नाही, तो पल्ल्याचा नसून अंगबळाचा आहे, इतकेच. नाल्यात आडवे पडलेले झाड ओलांडताना सायकल उचलावी लागते, घरी जिना चढवावी लागते, निसरड्या उतारावर आवरावी लागते. पंचाहत्तर किलोंच्या गड्याला पंचवीस किलो म्हणजे शरीराच्या वजनाचा तिसरा हिस्सा. पन्नास किलोंच्या बाईला तेच निम्मे. आणि रानात बॅटरी संपली, तर ते सारे धूड केवळ मांड्यांच्या बळावर घरी आणावे लागते. जाहिरातीतील पल्ल्याचा आकडा वाचताना तो किती वजनाच्या स्वारासाठी आहे, हे म्हणूनच विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन सायकलींतील सात किलोंच्या फरकात बॅटरीचा वाटा दोन-अडीच किलोंचाच असतो. बाकीचे वजन मोटार, सांगाडा आणि दणके सोसणाऱ्या स्प्रिंगांचे. तेव्हा नुसती लहान बॅटरी पत्करून सायकल हलकी होत नाही.

रायपूरचा उन्हाळा हाही या हिशेबातला एक पक्ष आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि लिथियमची बॅटरी पूर्ण भरून अशा उकाड्यात ठेवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. मोठी बॅटरी ऐंशी टक्केच भरली तरी दिवसाचे काम भागते. लहानीला ती चैन परवडत नाही.

माझ्या मते, मैदान तुडवून मग घाट चढणाऱ्या धिप्पाड स्वाराने भारी सायकल खुशाल घ्यावी. देह सडपातळ असेल, किंवा घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर हलकी बरी. पाण्याच्या बाटलीच्या जागी जोडबॅटरी बसण्याची सोय मात्र तीत असावी, म्हणजे लांबच्या दिवशीच ते जादा ओझे न्यावे लागेल.