सॉफ्टवेअर विकसनास उपयुक्त भौतिकशास्त्रीय संकल्पना

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिताना, तपासताना आणि त्यांच्या मर्यादा ओळखताना भौतिकशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना उपयोगी पडतात. आज्ञावली अमूर्त असली तरी ती प्रत्यक्ष यंत्रावर चालते. त्यामुळे निसर्गनियम तिलाही चुकत नाहीत. कोणता दोष सुधारण्याजोगा आहे आणि कोणती मर्यादा निसर्गाचीच आहे, हा विवेक या संकल्पनांमुळे साधतो.

एकके व मिती

भौतिक राशीचे मूल्य एककावाचून अर्थहीन असते. नासाच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या यानाशी असलेला संपर्क २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ कायमचा तुटला. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने आवेगाची मूल्ये पाउंड-बल-सेकंद या एककात दिली होती. पुढील गणितात ती न्यूटन-सेकंदांत असल्याचे गृहीत धरले गेले. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. परिणामी यान नियोजित उंचीपेक्षा बरेच खाली गेले. दोन्ही एककांची मिती एकच असल्याने केवळ मितींच्या पडताळणीने ही चूक उघड झाली नसती. म्हणून मूल्यासोबत एककाचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते.

प्रकाशाचा वेग व काळ

सर्वसाधारण ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई व न्यूयॉर्क यांतील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. त्यामुळे अशा फायबरमधून संदेश जाऊन उत्तर परत येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतात. आज्ञावली कितीही कार्यक्षम केली तरी हा विलंब टळत नाही. माहिती वापरकर्त्याच्या जवळ साठवणे किंवा संदेशांच्या फेऱ्या कमी करणे, हेच त्यावरील उपाय होत.

दूरस्थ संगणकांवरील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे नेहमीच ठरवता येत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी विशेष सापेक्षता सिद्धांतातील या विचाराचा आधार घेऊन, संदेशांच्या देवाणघेवाणीवरून घटनांचा क्रम लावण्याची पद्धत १९७८ मध्ये मांडली.

ऊर्जेची अक्षय्यता

खेळ व सिम्युलेशन यांच्या आज्ञावल्यांत या नियमाचा उपयोग चाचणीसारखा होतो. स्प्रिंगला जोडलेल्या वस्तूची गती ऑयलरच्या साध्या पद्धतीने काढल्यास प्रत्येक टप्प्यात ऊर्जा थोडी वाढते आणि आंदोलने मोठी होत जातात. आधी नवा वेग काढून त्यावरून स्थान ठरवल्यास, टप्पा पुरेसा लहान असेल तर, ऊर्जा मर्यादेत राहते.

एन्ट्रॉपी व उष्णता

उष्मागतिकीतील एन्ट्रॉपीशी गणिती साम्य असलेली माहितीची एन्ट्रॉपी क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडली. माहिती न गमावता तिचा संक्षेप सरासरीने किती करता येईल, याची सीमा त्यावरून कळते. एक बिट पुसताना काही किमान उष्णता बाहेर पडतेच, हे तत्त्व रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये सांगितले.

प्रोसेसरमधील परिपथांच्या उघडझापीला लागणारी शक्ती वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उष्णतेच्या या अडचणीमुळे २००५ च्या सुमारास वारंवारता वाढवण्याचा वेग मंदावला व एकाहून अधिक गाभ्यांचे प्रोसेसर रूढ झाले. तेव्हापासून कामाची समांतर विभागणी करणे हे आज्ञावलीकाराचे महत्त्वाचे कौशल्य बनले.