कॅमेरा फळ्याकडे नको, बाकांकडे

पिंपळगाव बसवंतच्या एका छात्राध्यापिकेचा प्रश्न आहे : ‘सराव पाठ आता मोबाइलवर चित्रित करायला सांगतात. स्वतःलाच बघून गणित शिकवायला कसं येणार?’

प्रश्न रास्त आहे. बी.एड. झालेल्यांना सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या सराव पाठांचं, ३६ मिनिटांचं चक्र तोंडपाठ असतं : ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण, १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत उभी राहिली. श्रेय ड्वाइट ॲलन यांना मिळतं. पण पाठाचं चित्रण दाखवल्यानं शिकवण्यात फरक पडतो का, हे १९६४च्या प्रबंधात तपासलं ते कीथ अचिसन यांनी. त्यांची आठवण कुणी फारशी काढत नाही. आपल्याकडे पद्धत रुळली ती कॅमेऱ्याविना. निरीक्षण तक्ते आले आणि मुलांच्या जागी वर्गमित्र बसले.

इथंच गोम आहे. वर्गमित्र मुलांचं सोंग घेतील, पण मुलांसारखं चुकणं त्यांना जमत नाही.

१९९०च्या जानेवारीत मिशिगनमध्ये डेबोरा बॉल यांच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, सहा ही संख्या समही आहे आणि विषमही. कारण तिच्यात दोनाच्या जोड्या तीन, आणि तीन विषम! बाईंनी त्याला खाली बसवलं नाही. एका मुलीनं त्याला कोंडीत पकडायला दहा पुढे केले : मग तेही तसेच म्हणायचे का? पठ्ठ्यानं तेही मान्य करून वर तिचे आभार मानले! व्याख्या त्यानं मोडली खरी, पण जोड्या विषम असलेल्या २, ६, १०, १४... या संख्यांना चारानं भागलं की बाकी दोनच उरते. त्या तासाचं चित्रण आजही शिक्षक-प्रशिक्षणात पाहिलं जातं.

ऑक्टोबर छाटणीआधी निफाडचा द्राक्षबागायतदार काडीचे डोळे तपासून घेतो, आत घड आहे की नाही ते कळावं म्हणून. मुलाचं चुकीचं उत्तर तसंच उघडून पाहायचं असतं. एलिझाबेथ व्हॅन एस आणि मिरियम शेरिन या संशोधकांनी गणित शिक्षकांना एकत्र बसवून अशी चित्रणं दाखवली. सुरुवातीला बघणाऱ्यांची नजर चित्रणातल्या शिक्षकावर होती. हळूहळू ती मुलांच्या विचारांकडे वळली.

चित्रण बघून गुण देणाऱ्या ॲपनं ही नजर येणार नाही. तेव्हा ताई, शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या, मोबाइल बाकांकडे वळवा. नंतर एकच चुकीचं उत्तर निवडा आणि मैत्रिणींसोबत त्यावरच वाद घाला : या मुलाच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं? आपला आवाज, आपलं अक्षर, साडीचा पदर, हे सगळं नंतर.