जुन्या ट्रॅक्टरची वीज

मी कला शाखेचा विद्यार्थी, विषय इतिहास. तेव्हा यंत्रावर लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही. परंतु आमच्या घरचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि त्याची माझी ओळख पाटीपेन्सिलीच्या आधीची आहे. हा ट्रॅक्टर रात्री नेहमी उतारावर उभा असे. सकाळी सेल्फ लागेलच याची खात्री नसे. मग ब्रेक काढायचा, गाडी उतारावरून धावू द्यायची आणि क्लच सोडून इंजिन चालू करायचे. खेड्यातून येणाऱ्या पुष्कळ वाचकांना हा प्रकार ठाऊक असेल.

दोन वर्षांपूर्वी गळीत हंगामात अण्णा उसाची ट्रॉली घेऊन रात्रीचे कारखान्याकडे निघाले होते. मी मडगार्डवर बसलो होतो. खड्ड्यांचा रस्ता आला म्हणून त्यांनी वेग कमी केला. इंजिनाचा आवाज खाली आला, तसे पुढचे दिवे पिवळे होत होत विझल्यासारखे झाले. समोरची बिनदिव्याची बैलगाडी आम्हांला दिसली, तेव्हा मध्ये दहा हातही अंतर नव्हते. अण्णांनी ट्रॅक्टर बाजूला ओढला. ट्रॉलीचे एक चाक चरीत गेले आणि मोळ्या रस्त्यावर आल्या. माणसे आणि बैल वाचले. गाडीवान काही बोलला नाही, अण्णाही बोलले नाहीत. ते बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

घरी आल्यावर दोष बॅटरीला दिला गेला. तो नेहमीच तिला मिळे. पाच वर्षांत आमच्याकडे तीन बॅटऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ‘माल पूर्वीसारखा राहिला नाही’ हाच निष्कर्ष निघाला होता. वास्तविक बॅटरी ही केवळ कोठी आहे. कोठीत धान्य येते किती आणि जाते किती, हे पाहिल्याशिवाय कोठीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेल दाबाने तापलेल्या हवेतच पेटते. म्हणून विजेची सर्व व्यवस्था कोलमडली तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करतो, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आमच्या ट्रॅक्टरवर वीज निर्माण करण्यास डायनामो होता. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरवले की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. परंतु ही वीज दर अर्ध्या फेऱ्यात दिशा बदलते आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज हवी. यासाठी डायनामोत फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचे कडे असते आणि त्यावर कार्बन घासत राहतात. सगळी वीज या घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर पडते. त्यामुळे डायनामो फार वेगाने फिरवता येत नाही. ठिणग्या उडतात, कडे झिजते. उलट इंजिन हळू चालू असले की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो. अशा वेळी बॅटरीतीलच वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून ‘कटआउट’ नावाची कळ दोघांचा संबंध तोडते. म्हणजे वेग कमी झाला की दिव्यांचा सगळा भार एकट्या बॅटरीवर.

मी कागदावर जमाखर्च मांडला. पुढचे दोन दिवे ४५ वॅटचे, मागचा एक ३५ वॅटचा, बाकी किरकोळ १५ वॅट. एकूण १४० वॅट. बारा व्होल्टने भागले तर सुमारे १२ अँपियर. आणि आमच्या डायनामोची क्षमता, तीही इंजिन चांगल्या वेगात असताना, ११ अँपियर! रात्री बॅटरी भरतच नव्हती. तिसरी काय, तेरावी बॅटरी आणली असती तरी तिची तीच गत झाली असती.

उपाय म्हणजे अल्टरनेटर, किंवा आमच्या मिस्त्रींच्या भाषेत ‘अल्टीनेटर’. यात मांडणी उलटी असते. चुंबक फिरतो आणि वीज देणारे वेटोळे स्थिर राहते. कार्बन असतात, पण ते चुंबकाला लागणारी थोडीशी वीज तेवढी आत नेतात. विजेची दिशा एक करण्याचे काम तांब्याच्या कड्याऐवजी सिलिकॉनचे डायोड करतात. हे डायोड स्वस्त झाल्यावरच अल्टरनेटर मोटारींवर आला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० मध्ये तो आपल्या व्हॅलियंट मोटारीवर बसवला. लहान पुली लावून तो डायनामोपेक्षा वेगाने फिरवता येतो, त्यामुळे इंजिन मंद असतानाही वीज मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री आणि मी कामाला लागलो. भंगार बाजारातून मोटारीचा ३५ अँपियरचा अल्टरनेटर आणला. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच होता, त्यामुळे कटआउटची जुनी पेटी काढून टाकली. खरी अडचण पुढेच होती. जुन्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे आमच्या बॅटरीचे धन टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले होते. अल्टरनेटरला ऋण टोक अंगाला लागते. उलटी जोडणी क्षणभर जरी झाली तरी डायोड जळतात. बॅटरी फिरवली तर सेल्फ उलटा फिरेल, अशी मला भीती होती. मिस्त्री हसले. सेल्फच्या आतील दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. दिव्यांना तर दिशेचे सोयरसुतकच नाही.

जुनी वायर ११ अँपियरच्या बेताची होती, म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढली आणि मध्ये फ्यूज घातला. डॅशबोर्डवरचा अँमीटर २० अँपियरचाच असल्याने त्याच्या जागी व्होल्टमीटर आला. ट्रॅक्टर सुरू केला. काटा बारावरून चौदापाशी जाऊन थांबला. इंजिन मंद केले तरी तो तेरावर होता.

आणि तरीही डावा दिवा मंदच! अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले की, कॉलेजची फी त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. मीटर लावला तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत दीड व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा झपाट्याने घटतो; व्होल्टेज दहा टक्के उतरले तर प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. दिव्याचे अर्थिंग ज्या बोल्टवर होते, तो गंजलेला आणि वर रंग मारलेला निघाला. पॉलिश पेपरने घासून तो बसवला, तेव्हा दोन्ही दिवे सारखे झाले. बोल्टला खर्च शून्य. बाकीचा सारा खर्च एका नव्या बॅटरीपेक्षा कमी झाला, आणि जुनी बॅटरी, जी अण्णा मोडीत घालणार होते, ती चार्ज होऊन अद्याप चालू आहे.

वेल्डिंग करायचे झाल्यास आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या, तसेच इंजिन चालू असताना बॅटरी सोडवायची नाही, या दोन गोष्टी मी खडूने शेडच्या दारावर लिहून ठेवल्या आहेत. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचे काम मात्र अजून व्हायचे आहे. ट्रॉली हंगामात एकदा या, एकदा त्या ट्रॅक्टरला लागते, आणि प्रत्येकाचा प्लग वेगळा. तूर्त मागे लाल परावर्तक पट्ट्या चिकटवल्या आहेत. अण्णा ट्रॅक्टर अजूनही उतारावरच लावतात.