ध्वनिमुद्रित अकूस्टिक गिटार आणि कॉम्प्रेशन : एक विवेचन

अकूस्टिक गिटारवादनात हळुवारपणे छेडलेला स्वर आणि जोरकस झंकार यांच्या पातळीत मोठी तफावत असते. परिणामी गायनाच्या साथीला असताना मंद स्वर दबून जातात. ही तफावत मर्यादित करण्यासाठी ध्वनिमिश्रणात कॉम्प्रेसर या उपकरणाचा अवलंब केला जातो.

ज्या पातळीच्या वर हे उपकरण कार्यरत होते, तिला 'थ्रेशोल्ड' म्हणतात. घटीचे प्रमाण म्हणजे 'रेशो'. ४:१ या प्रमाणात थ्रेशोल्डपेक्षा ८ डेसिबलने वर गेलेला ध्वनी केवळ २ डेसिबलने वर राहतो. तथापि गिटारच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो 'अटॅक', म्हणजे घट अमलात येण्यास लागणारा काळ. तो १ मिलिसेकंदाइतका अल्प ठेवल्यास तारेवरील आघातच बोथट होतो. २० ते ३० मिलिसेकंद ठेवल्यास आघाताची धार टिकते आणि त्यानंतरचा नाद आवरला जातो. 'रिलीज' हा पूर्वस्थितीवर येण्याचा काळ फारच कमी असल्यास पातळी हेलकावे खाते.

घटलेली पातळी पुन्हा वाढविली की ध्वनी मोठा होतो, आणि मोठा ध्वनी कानाला सरस भासतो. म्हणूनच मूळ व संस्कारित ध्वनीची तुलना समान पातळीवरच करणे आवश्यक आहे. मंद आणि तीव्र यांतील भेद हा वादकाच्या अभिव्यक्तीचा भाग होय. तो पुसून मिळविलेली समता ही संगीताची हानीच ठरते.